काहीच न बदललेलं पान

पानावरचा तक्ता हा तक्ता आहे, हे तुम्हाला कोण सांगतं? डोळे सांगतात, असंच म्हणाल. ठीक आहे. आता डोळे मिटून घ्या, कोणाला तरी तो तक्ता ओळीने वाचायला सांगा आणि मग मला उत्तर द्या, की तिसऱ्या ओळीतला दुसरा 'हो' नेमका कशाचा आहे? नाही ना सांगता येत? हॅलोताईलाही येत नव्हतं. फरक एवढाच की तुम्ही डोळे पुन्हा उघडाल. तिचे लहानपणीच तापात गेले होते.

हॅलोताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ती बसायची. फोन उचलून 'हॅलो' म्हणण्याची तिची एक तऱ्हा होती. ना गोड, ना कोरडी. पलीकडचा माणूस कितीही हादरलेला असो, त्या हॅलोने त्याचे पाय जमिनीला टेकायचे. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला हॅलोताईच म्हणत. झाडून सगळ्या विभागांचे नंबर तोंडपाठ. आणि राग? तो तर नाकाच्या शेंड्यावर. एकदा कुठलासा नवा प्रशासक आला आणि म्हणाला, हे नंबर कसेही विखुरलेत, आपण ते मजल्याप्रमाणे नीट ओळीने लावू.

"लावा की," ताई म्हणाली. "फक्त बाहेर सगळ्या गावाला जाऊन सांगा आधी. अपघात विभाग आत्तापर्यंत किती मजले फिरला, पण त्याचा नंबर आम्ही कधी हलवला नाही. घाबरलेल्या माणसाचं डोकं नंबर लावत नसतं साहेब, त्याची बोटं लावतात."

प्रशासक निमूट परतला. नंबर जिथल्या तिथे राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग एक दिवस बोर्डच गेला. फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं, जुना बोर्ड भंगारात निघाला आणि ताईची खुर्ची तेवढी उरली. नोकरी चालू, काम बंद. "तुम्ही आरामात बसा ताई," असं जो तो येऊन सांगायचा. आपल्याकडे याला माणुसकी म्हणतात. माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं, त्याच्या बुडाखाली गादी सरकवायची आणि स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची. ज्याला बसवलंय त्याला विचारा, ती गादी किती टोचते ते.

ताईने विचारायची वाट पाहिली नाही. ती काठी टेकत थेट संगणक विभागात गेली. तिथला प्रमुख एक तरुण माणूस होता, बोलताना वाक्यं अर्धी गिळणारा. त्याला सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत.

"मला काम द्या," ताई म्हणाली.

घाईसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आडपडदा ठेवला नाही. "ताई, काम आहे. रुग्णांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात ना, त्यातले अधिकार सांभाळायचे. कोणी नोंद नुसती वाचायची, कोणी बदलायची, कोणी हातच लावायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण चुकलं की जिवावरचं. रक्तगटाची नोंद भलत्या माणसाने बदलली तर..."

"कळलं. मला जमेल."

"जमेल, पण ज्या खोलीतून हे काम चालतं तिथे एका वेळी एकच माणूस, असा नियम आहे. वाचून दाखवायला शेजारी कोणी बसवता येणार नाही. माहितीपुस्तिका तुम्हाला एकटीला वाचता आली पाहिजे. डेटाबेसची नवी आवृत्ती आली की आपण तिच्यावर जाणार, तेव्हा काम सोपवायचं आहे. तोवर जमलं तर तुमचं."

"आणि नाही जमलं तर?"

"वर्षभर जागा रिकामी ठेवता येत नाही ताई. दुसरं माणूस घ्यावं लागेल. तुमच्यासाठी चौकशीच्या खिडकीमागे खुर्ची आहेच."

पुन्हा खुर्ची. ताई तडक घरी आली.

तिच्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारा आवाज होता. सपाट, बिनचेहऱ्याचा, कधीच न दमणारा आवाज. त्या आवाजात ती पुस्तिका ऐकू लागली. पानंच्या पानं झकास गेली. आज्ञा कशी लिहायची, कुठे द्यायची, सगळं कानातून डोक्यात बसत गेलं. आणि मग आला अधिकारांचा तक्ता. आवाज म्हणू लागला: हो, नाही, नाही, हो. नाही, हो, हो, नाही. कशाचं हो आणि कशाचं नाही, त्याचा पत्ता नाही. पुढच्या पानावर दुसरा तक्ता, तिथेही तीच रड.

"अहो, इकडे या जरा," तिने नवऱ्याला हाक मारली. नवरा मेकॅनिक होता, बसगाड्यांची इंजिनं उघडणारा. अंगाला कायम ग्रीसचा वास. "ह्या तक्त्याची पहिली ओळ कशी दिसते?"

"जाड अक्षरांत आहे," मेकॅनिक वाकून म्हणाला. "मस्त दिसतोय की तक्ता."

"तुम्हाला मस्त दिसतोय. मला तो हट्टी पोरासारखा नुसता हो-नाही करतोय."

गोम तिथेच होती. पहिली ओळ मथळ्याची आहे हे माणसाला जाड अक्षरांवरून कळत होतं. यंत्राला मात्र कोणी सांगितलंच नव्हतं की बाबा रे, हा मथळा आहे, खालचे कप्पे वाचताना याचं नाव घे. कोणीतरी कधीतरी अक्षरं नुसती ठळक करून सोडून दिली होती. डोळ्यांचं भागलं, कानांचा कोणाला विचारच आला नाही.

"मी वाचून दाखवतो, तू पाठ कर," मेकॅनिक म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी पान बदललं की? जन्मभर माझ्यामागे पान धरून फिरणार आहात?"

हा डेटाबेस कोणा शेठजीच्या मालकीचा नव्हता. जगभरची माणसं तो मिळून लिहितात, मिळून दुरुस्त करतात आणि ज्याला हवा त्याला फुकट देतात. त्याची माहितीपुस्तिकाही तशीच, हजार हातांची. त्या लोकांचा एक टपालगट होता, एकाने मेल लिहिली की सगळ्यांना पोचायची. ताईने त्या गटाला परक्या भाषेत मेल लिहिली. सुरुवातच अशी केली: तुमचे तक्ते आंधळे आहेत, मी नाही.

उत्तर आलं, तेही रागावल्याशिवाय. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मूळ फाइली इथे आहेत. दुरुस्ती करून पाठवा, आम्ही तपासू.

"घ्या," ताई म्हणाली. "तक्रार करायला गेले तर हातात झाडू दिला."

तिने मूळ फाइल उघडली आणि आवाज सुरू केला. पुढे काय झालं ते ती अजूनही सांगते तेव्हा तिचा आवाज खाली येतो.

पान जसं आपल्याला दिसतं तसं ते मुळात नसतं. आत मजकुराला जागोजाग खुणा लावलेल्या असतात. इथे प्रकरण सुरू, इथे संपलं. ही आज्ञा, हे तिचं नाव. इथे तक्ता, इथे ओळ, इथे कप्पा. त्यालाच मार्कअप म्हणतात. वाचणाऱ्याला त्या खुणा कधी दिसत नाहीत. डोळस माणसाने मूळ फाइल पाहिली तर त्याला काट्यांचं रान दिसतं. ताईला मात्र वाटलं, कोणीतरी आपल्या कोपराला हात लावून चालवतंय: इथे पायरी आहे, इथे वळण आहे, इथे दार. आजवर जगाने तिच्यापुढे पानाचा तयार चेहरा टाकला होता. आज पहिल्यांदा तिला त्याची हाडं लागली.

आणि प्रत्येक ओळीमागे तिचा इतिहास ठेवलेला होता. ही ओळ कोणी लिहिली, कोणी हलवली, कोणी एक कंस मिटवला. ताई एकेका ओळीवर थांबून नावं ऐकू लागली. कुठल्या कुठल्या देशांतली नावं, त्या सपाट आवाजाला नीट उच्चारताही न येणारी. कोणी अख्खं प्रकरण लिहून दिलेलं, तर कोणी सगळ्या आयुष्यात एक रिकामी जागा तेवढी काढून गेलेला. दोघांचीही नोंद सारखीच जपलेली. अनोळखी दालनात शिरल्यावर ती हलकेच खाकरायची आणि आवाज किती लांबून परततो त्यावरून छताची उंची ओळखायची. इथे ती खाकरली आणि आवाज परतलाच नाही, इतकी ती वास्तू मोठी होती. सगळी फुकट बांधलेली. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. देवळात बसतात तशी, असं मेकॅनिक म्हणतो.

मग कामाला लागली. तक्त्याच्या पहिल्या ओळीवरच्या ठळक अक्षरांच्या खुणा काढायच्या आणि तिथे मथळ्याच्या ओळीची खूण लावायची. मथळा आपसूक ठळक दिसतोच, म्हणजे डोळ्यांना काही कमी पडत नाही. हात लागलाच आहे तर तिने दोनचार वाक्यंही सुधारली, आणि पाठवून दिलं.

दुरुस्त्या तपासणारा एक म्हातारा होता, समुद्रापलीकडचा. त्याचं उत्तर एका शब्दाने सुरू झालं: नाही.

खुणा आणि शब्द एकाच दुरुस्तीत मिसळायचे नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. खुणा साफ करणाऱ्याने एकही शब्द हलवायचा नाही. जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवली तर फरक शून्य दिसला पाहिजे. तो शून्य दिसला की आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवू.

ताईने वाक्यं जशीच्या तशी परत ठेवली आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा नाही, एका तक्त्यातली एक रेघ जाड झाली होती. पुन्हा पाठवलं. नाही. तिने म्हाताऱ्याचं नाव नाहीबाबा ठेवलं. गंमत अशी की नाहीबाबाची उत्तरं, घाईसाहेबाच्या सूचना आणि तिच्या स्वतःच्या मेल, सगळं तो एकच सपाट आवाज वाचायचा. कधीकधी तिला वाटायचं, मीच मला नाही म्हणतेय.

शब्द सारखे आहेत का ते यंत्र सांगायचं. पण रेघ जाड झाली का, कप्पा सरकला का, हे बघायला डोळे लागत. ते मेकॅनिकचे होते. रविवारी सकाळी तो जुन्या आणि नव्या पानांचे छापील कागद घ्यायचा, एकावर एक ठेवायचा आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरायचा. इंजिनाचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारा पातळ पत्रा, बसवण्याआधी तो ते भोकाला भोक जुळवून असंच उजेडात धरतो.

"बसलं," तो म्हणायचा. "केसाइतकाही फरक नाही."

"नीट बघा."

"अगं, गळती असती तर दिसली असती."

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत हे सगळं बघायच्या. त्यांना राहवेना. "मी केर काढते तर निदान फरशी तरी दिसते. ही दिवसभर साफसफाई करते आणि वर म्हणते आधी होतं तस्संच दिसलं पाहिजे. मग घाण होती कुठे?"

"आई, घाण आत होती."

"आत कोण बघतंय?"

"मी," ताई म्हणाली. सासूबाईंनी देठ मोडला आणि पुढची जुडी ओढली.

नव्या आवृत्तीची दारं मिटायची तारीख जाहीर झाली. त्या तारखेच्या आत दुरुस्ती शिरली तर शिरली, नाहीतर सरळ पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी ताई चौकशीच्या खिडकीमागे. पुस्तिकेतले सगळे आंधळे तक्ते तिने एकेक करून सरळ केले होते. मेकॅनिकने एकूणएक पान काचेवर धरलं होतं. फरक शून्य. तिने शेवटची दुरुस्ती पाठवली आणि पहिल्यांदाच निवांत बसली.

नाहीबाबाचं उत्तर आलं. नाही.

आवाज पुढचं वाचू लागायच्या आतच ताईने तो बंद केला. "बास," ती म्हणाली. "ह्या म्हाताऱ्याला हो म्हणायची ॲलर्जी आहे. नुसता अंडी उबवत बसलाय. मला काही गरज नाही."

"वाचलंस तरी का पुढचं?" मेकॅनिकने विचारलं.

"काय वाचायचंय? तुम्ही बघितलंत ना काचेवर?"

"मी बघितलं, बसलं होतं. पण गॅस्केट बरोबर असून इंजिन बंद पडतं कधीकधी. दुसरंच काहीतरी असतं. ऐक तर खरं."

ती फणकाऱ्याने स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटली, दोन कप चहा केला, एक गार होऊ दिला. मग परत आली आणि आवाज सुरू केला.

पुस्तिकेच्या प्रत्येक भागाला आतून एक पत्ता असतो. तीही एक खूणच, पानावर न दिसणारी. अधिकारांच्या भागाचा पत्ता फार जुना होता, लांबलचक आणि ओबडधोबड. तो वाचताना आवाज दर वेळी अडखळायचा. ताईच्या कानाला ते खुपलं होतं. साफसफाईच्या भरात तिने तिथे छोटा, सुटसुटीत पत्ता टाकला. पुस्तिकेत जिथे जिथे तो जुना पत्ता वापरला होता तिथे तिथे नवा घातला. आत सगळं जुळलं. कागदावर फरक शून्य. मेकॅनिकच्या काचेला हे कळणं शक्यच नव्हतं.

नाहीबाबाने लिहिलं होतं: तुम्ही घराच्या आतले सगळे रस्ते नीट जोडलेत, त्याबद्दल आभार. पण बाहेरून येणाऱ्यांचं काय? हा पत्ता लिहिणारा माझा मित्र होता, तो आता नाही. त्यानंतर कितीतरी लोकांनी हा पत्ता आपापल्या पुस्तकांत, उत्तरांत, टिपणांत लिहून ठेवला आहे. ते कोण, कुठे, किती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. अडचणीत सापडल्यावर ते त्याच पत्त्यावर येतील. दार तिथेच हवं.

ताईने ते पुन्हा ऐकलं. मग मान खाली घातली.

"अहो," ती हळू म्हणाली, "मी नंबर बदलला."

"कसला नंबर?"

"अपघात विभागाचा."

मेकॅनिकला एका क्षणात सगळं कळलं. बोर्डावरच्या त्या भांडणाची गोष्ट त्याने शंभर वेळा ऐकली होती. तो उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेला. बोलला असता तर त्याची धडगत नव्हती.

आजवर ती जगाला ओरडून सांगत आली होती, की तुम्हाला दिसत नाही म्हणजे तिथे कोणी नाही असं समजू नका. आणि तिच्याच हाताखाली एक न दिसणारी गोष्ट होती, जिच्यावर कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचा भार टेकला होता. ती कानाला नकोशी वाटली म्हणून तिने उपटली. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो शरमेपेक्षा वेगळा होता. केवढी माणसं! एका ओबडधोबड खुणेला धरून जगभर उभी असलेली, एकमेकांना कधी न भेटणारी, आणि त्यांच्यासाठी दार राखत बसलेला एक म्हातारा, जो त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नाही.

तिने जुना पत्ता जागच्या जागी ठेवला, अडखळणारा, तसाच्या तसा. बाकी कशाला हात लावला नाही. पाठवताना वर एक ओळ लिहिली: तुमच्या मित्राचं दार जिथे होतं तिथे आहे.

दारं मिटायच्या दिवशी सकाळी उत्तर आलं. मेकॅनिक दाढी अर्धी ठेवून बाहेर आला. सासूबाईसुद्धा हातातलं टाकून उभ्या राहिल्या. सपाट आवाजाने वाचलं:

"पाहिलं. काहीच बदललेलं नाही. घेतलं."

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "काहीच बदललं नाही म्हणतोय ना मेला?"

"हो आई," ताई म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "ह्याच्याहून मोठी शाबासकी त्या लोकांच्यात नसते."

इस्पितळ नव्या आवृत्तीवर गेलं त्या दिवशी घाईसाहेबाने ताईला खोलीत बसवलं आणि स्वतः दाराबाहेर थांबला. तिला काम दिलं होतं ते असं: प्रयोगशाळेतल्यांनी रक्तगटाची नोंद भरायची, वॉर्डातल्यांनी ती वाचायची, वॉर्डातल्या कोणालाही ती बदलता येता कामा नये. ताईने पुस्तिका उघडली. आवाज तक्त्यात शिरला आणि प्रत्येक कप्प्याआधी त्याचं नाव घेऊ लागला. वाचणे, हो. बदलणे, नाही. पुसणे, नाही. ती ऐकत गेली, अधिकार लावत गेली. मग घाईसाहेबाने वॉर्डाच्या संगणकावरून एक नोंद बदलून पाहिली. बदलेना. दुसरीकडून पाहिली, तरीही बदलेना. प्रयोगशाळेतून भरली, ती भरली गेली.

"ताई," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने एकही शब्द गिळला नाही, "उद्यापासून ही खोली तुमची."

घरी आल्यावर तिने सासूबाईंना संगणकापुढे बसवलं. "घाण कुठे होती विचारत होतात ना? मिटा डोळे." त्या डोळे मिटून ठेवतील असा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिने वरून आपला पंजाही ठेवला. आधी जुनं पान ऐकवलं, मग नवं. भाषा परकी, म्हातारीला एक अक्षर कळायचं कारण नव्हतं. पण ती ऐकत राहिली, आणि पंजाखाली तिच्या भुवया हलल्या.

"पहिला नुसता बडबडत होता," सासूबाई म्हणाल्या. "हा दुसरा कोणालातरी सांगतोय."

ताईने हात काढला नाही. सासूबाईंनीही काढ म्हटलं नाही.

त्या तक्त्यावरून आज जगभर किती नजरा फिरत असतील, आणि एकीलाही काही वेगळं दिसत नसेल. दिसूही नये. पण तुम्ही, हो, तुम्हीच, उद्या कुठलंही पान बनवाल, शाळेच्या निकालाचं, दवाखान्याच्या वेळांचं, सोसायटीच्या पाण्याचं, तेव्हा ते लोकांपुढे ठेवण्याआधी पडदा झाका आणि ते एकदा वाचणाऱ्या आवाजात शेवटपर्यंत ऐका. ते नुसतं बडबडत असेल तर आत उतरून दुरुस्त करा. आणि तिथे कोणाचं जुनं दार सापडलं, तर ते हलवू नका.